बारा ओळींची चौकट

१

बुधवारी सकाळी ग्रंथपाल एल्बानं जुन्या वर्तमानपत्रांचं कपाट उघडलं, तर १९८७ सालचा खंड जागेवर नव्हता. त्याच्या जागी तेवढ्याच जाडीचा, राखाडी कापडात गुंडाळलेला पुठ्ठ्याचा ठोकळा उभा होता. ८६ आणि ८८ चे खंड त्याच्या दोन्ही बाजूंना ताठ होते.

एल्बानं आधी स्वतःला दोन शिव्या घातल्या, मग दाराला कडी लावली आणि मिर्ता आरोस्तेगीला फोन केला.

"आत्ताच्या आत्ता ये. आणि वाटेत कुणाशी बोलू नकोस, बाई. माझी नोकरी जाईल."

मिर्ता तर्कशास्त्र शिकवायची. सान एलादिओच्या त्या लहानशा विद्यापीठात काही हरवलं की लोक तिच्याकडे यायचे, कारण परीक्षेचे पेपर कोण फोडतं ते तिनं एकदा नुसतं तिघांशी गप्पा मारून शोधून काढलं होतं. तेव्हापासून हा मान तिच्या गळ्यात पडला होता. लोकांसमोर ती कुरकुर करायची, पण मनातून तिला तो आवडायचा. शिवाय ‘पिसार्रोन’ तिच्या घरचंच होतं. पिसार्रोन म्हणजे फळा. हे विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र साठ वर्षं निघत होतं, मधली लष्करी राजवटीची वर्षं सोडून. विद्यार्थी असताना, ८६ आणि ८७ साली, मिर्ता तिथे मुद्रितं तपासायची.

शनिवारी ‘पिसार्रोन’च्या साठ वर्षांचं प्रदर्शन उघडणार होतं. सध्याची संपादक अयेलेन लेन्सिना हिनं सगळे खंड चाळून वाचनालयाच्या भिंतीवर एक लांबलचक तक्ता लावला होता. खानावळीची रांग, १९५८ पासून. वर्गांमधली ओल, १९६१ पासून. एका पुस्तकामागे तीस विद्यार्थी, १९६४ पासून. नावं बदलली, सरकारं बदलली, तक्रारी मात्र जागच्या हलल्या नाहीत. तो तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा मिर्ताला हसू आलं होतं आणि मग लाज वाटली होती. ओलीसाठी नेमलेल्या समितीवर गेली सहा वर्षं ती स्वतःच होती.

तक्त्याच्या मधोमध एक चौकटीतला लेख होता. ‘आम्ही दरवर्षी सांगत होतो.’ जुलै १९८७, ऐन हिवाळा. मुलींच्या वसतिगृहात, न्हाणीघरातल्या गॅसच्या बंबाचा धूर कोंडून निदिया ओल्मेदो नावाची पहिल्या वर्षाची मुलगी मेली, तेव्हा एकवीस वर्षांच्या मिर्तानं तो लिहिला होता. त्या लेखानं गाव हादरलं, महिन्याभरात सगळे बंब निघाले. आजही नव्या विद्यार्थ्यांना तो वाचायला देतात. निदियाची आई अजून दर जुलैत मिर्ताला घरी केलेल्या मुरंब्याची बरणी पाठवते.

"वहीत बघ," एल्बा म्हणाली. "सोमवारी खंड अयेलेननं नेला. ही तिची सही. परत केल्याची सही नाही. तू येईपर्यंत मला वर कळवावं लागलं गं. शुक्रवारी शिस्तपालन समितीसमोर बोलावलंय तिला. शिष्यवृत्तीही जाणार आणि वसतिगृहातली खोलीही."

"तिचं ऐकायच्या आधीच?"

एल्बानं मान खाली घातली आणि उगाच टेबल पुसायला घेतलं.

२

अयेलेन वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ‘माते’ या कडू पानांच्या चहाची किटली पुढ्यात घेऊन बसली होती. डोळे सुजलेले, पण आवाज ठणठणीत.

"प्रोफे, मी खंड परत केलाय. काल अडीच वाजता. एल्बाबाईंना मॅच बघायला कॅन्टीनमध्ये पळायचं होतं. म्हणाल्या, तूच ठेव कपाटात, सही उद्या करते. मी ठेवला."

"मग तू कुठे गेलीस?"

"इथे आले. केस धुतले. झोपले."

"नायजेरियाशी मॅच चालू असताना?"

"मला फुटबॉल आवडत नाही."

मिर्तानं कपाळाला हात लावला. विश्वचषकातली, जिंकलो नाही तर स्पर्धेतून बाहेर, अशी ती मॅच. तीन ते पाच गावात कुत्रंसुद्धा रस्त्यावर नव्हतं. "हे समितीला सांगू नकोस हं," ती म्हणाली. "चोरी केली म्हणालीस तर एक वेळ माफ करतील."

अयेलेन हसली आणि हसता हसता पुन्हा रडायला लागली. "घरी काय सांगू प्रोफे? आमच्या गावातून शिकायला आलेली मी पहिलीच आहे. चोर म्हणून परत जाऊ?"

मिर्तानं तिला डोळे पुसू दिले. मग विचारलं, "त्या खंडात काय शोधत होतीस?"

अयेलेननं वही उघडली. दर मार्चमध्ये, वर्ग सुरू होताना, ‘पिसार्रोन’च्या पहिल्या पानावर पितळी पट्टीची एक चौकट छापायची रीत होती. मथळा, ‘राहून गेलेलं’. त्यात बरोबर बारा ओळी, बारा तक्रारी. खिळे जुळवून छपाई व्हायची त्या काळात ही चौकट कुणी सोडवायचंच नाही. सुतळीनं बांधून फळीवर ठेवायची आणि पुढच्या मार्चला साल बदलून पुन्हा छापायची. नवी तक्रार आली तर जुनी एक काढायची, कारण तेरावी ओळ पितळी पट्टीत मावायची नाही.

"मी बंबाची ओळ शोधत होते," अयेलेन म्हणाली. "८४ ला आहे, ८५ ला आहे, ८६ ला आहे. ८७ ला नाही."

"असं कसं होईल?"

"मलाही वाटलं नजर चुकली. म्हणून खंड नेऊन सावकाश बघितला. मार्च ८७. बारा ओळी. बंब नाही." ती थांबली. "तुमच्या लेखात तर ‘दरवर्षी’ म्हटलंय. मी तुम्हालाच विचारणार होते."

मिर्तानं मातेचा एक घोट घेतला. चहा कडू आणि थंड झाला होता.

"आणखी काही होतं त्या खंडात?"

"शेवटी निळ्या पेन्सिलीनं खरडलेले कागद शिवलेले होते. काय ते मला कळलं नाही, नीट वाचलेही नाहीत. खाली पुस्तकं बांधणाऱ्या तानोला विचारलं, तर म्हणाला, रद्दी आहे ती, बघू नकोस."

"हे बंबाचं आणखी कुणाला ठाऊक होतं?"

"सोमवारी मी वाचनालयात मोठ्यानंच बोलले. तेव्हा तिघं होते. एल्बाबाई, तानो, आणि प्रदर्शनाची तयारी बघायला आलेले उपकुलगुरू."

३

एल्बाकडून खरं काढायला मिर्ताला पाच मिनिटंही लागली नाहीत.

"तू तिला खंड कपाटात ठेवायला सांगितलंस."

"मी? छे. विद्यार्थ्यांनी कपाटाला हात लावायचा नाही असा नियम आहे."

"नियम मला माहीत आहे. मी तुला विचारतेय."

एल्बाचे कान लाल झाले. "मॅच तीनला होती ना गं," ती पुटपुटली. "सांगितलं असेन. पण आता समितीला कसं सांगू? बावीस वर्षं झाली मला इथे."

"आणि तिला किती झाली? दोन. म्हणून तिनं जायचं?"

मिर्तानं तो पुठ्ठ्याचा ठोकळा हातात घेतला. कडा नीट मोडलेल्या, कापड सुरकुती न पडता चिकटवलेलं. "हा कपाटात कधीपासून आहे?"

"काल सकाळी नव्हता. खंड अयेलेनकडे होता म्हणून ८८ चा खंड कलंडला होता. मी म्हटलं, सरळ करू, पण राहिलं."

म्हणजे अडीचपर्यंत अयेलेननं खंड परत ठेवला, आणि त्यानंतर कुणीतरी कपाटापाशी येऊन तो नेला आणि हा ठोकळा ठेवला. चोराला शेजारच्या खंडांची पाठ वाकलेली बघवली नव्हती. मिर्तानं ठोकळ्याची जाडी बोटांनी मोजली आणि पुढचा विचार तूर्त बाजूला ठेवला.

"किल्ल्या किती?"

"एक माझ्याकडे. एक खाली पुस्तकं बांधायच्या खोलीत, खिळ्याला."

खालच्या खोलीत तानो खिडकीशी खुर्ची टाकून बसला होता. त्याचं खरं नाव बेविलाक्वा. आजोबा इटलीतून आले म्हणून गावानं त्याला तानो, म्हणजे इटलीवाला, केलं आणि आडनाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं. चाळीस वर्षं त्यानं ‘पिसार्रोन’ जुळवला, छापला आणि दर डिसेंबरला त्याचा खंड बांधला. आता निवृत्त होता, तरी फाटक्या पुस्तकांना डिंक लावायला रोज यायचा. एक पाय लहानपणापासून अधू होता, पण हात अजून स्थिर होते.

"मॅच कुठे बघितलीस, तानो?"

"बघितली नाही, पोरी. डॉक्टरनं बंदी घातलीय. मागच्या मॅचला छातीत कळ आली. म्हणाला, तुला जगायचंय की फुटबॉल बघायचाय? मी म्हटलं, जरा विचार करून सांगतो."

"मग काय केलंस?"

"चाललो. आमच्यासारखे आजारी हृदयाचे सातआठ म्हातारे चौकात फेऱ्या मारत होते. कोपऱ्यावरच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला की एकमेकांना विचारायचं, आपला की त्यांचा." तो हसला, पण मिर्ताकडे त्यानं बघितलं नाही. "शेवटचा आपला होता."

"त्या खंडाच्या शेवटी कसले कागद होते?"

त्याचा डिंकाचा ब्रश थांबला. "रद्दी," तो म्हणाला. "तू त्या उपकुलगुरूला विचार जा. त्याच्याकडे उत्तरं असतात. निवडणुकीला उभा आहे ना तो."

४

उपकुलगुरू ओरासिओ गान्दोल्फो ऑगस्टमध्ये कुलगुरूपदासाठी उभा राहणार होता. ८७ साली तो दुपारी शिकायचा आणि सकाळी विद्यापीठाच्या बांधकाम खात्यात कारकुनी करायचा. निदियाच्या मृत्यूत त्या खात्यावर ठपका आला होता. मिर्ताला वाटत होतं, तो खंड नाहीसा व्हावा असं वाटणारा माणूस असेल तर हाच. असावाच, अशी तिची इच्छाही होती, आणि ते तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचाच राग आला.

"दार लाव," तो म्हणाला. "तू येणार हे सोमवारपासून मला ठाऊक होतं."

"खंड तू नेलास, ओरासिओ?"

"मला कशाला हवा? छापलेलं पान माझ्याकडे एकतीस वर्षं आहे." त्यानं खालच्या खणातून निळ्या पुठ्ठ्याचं एक रजिस्टर काढलं. "हे खात्याचं. मी घरी नेऊन ठेवलं होतं. आधी सांग, तुला खरंच बघायचंय?"

"म्हणजे काय? दाखव."

त्यानं उघडलं. दर वर्षाच्या पानावर ‘पिसार्रोन’ची चौकट कापून चिकटवलेली होती आणि प्रत्येक ओळीसमोर शेरा.

"आमची पद्धत होती," तो सांगू लागला. मान वर करत नव्हता. "इमारती बावीस, माणसं चार. कोण कुठे जाऊन बघणार? मार्चमध्ये तुमचा अंक आला की इंजिनिअरसाहेब म्हणायचे, काप आणि चिकटव. जी ओळ नव्यानं आली ती कामांच्या यादीत घ्यायची. जी ओळ गेली ती झाली असं धरायचं. विद्यार्थी ओरडायचे थांबले, याचा अर्थ काम झालं असणार. कुणीतरी केलं असणार."

"कुणीतरी?"

"कुणीतरी. ८६ च्या यादीत बंब तिसऱ्या क्रमांकावर होते, दुरुस्ती ८७ च्या मेमध्ये ठरली होती. मार्च ८७ ला ओळ गेली. मी माझ्या हातानं तांबड्या शाईत लिहिलं, ‘निकाली’. मेमध्ये कुणी गेलं नाही."

मिर्तानं तो शब्द बघितला. अक्षर विशीतल्या मुलाचं, नीटनेटकं.

"चौकशीत हे का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? की आम्ही गॅसचे बंब वर्तमानपत्र वाचून दुरुस्त करतो? साहेब म्हणाले, गप्प बस. मी बसलो. आणि तेवढ्यात तुझा लेख आला. दरवर्षी सांगत होतो, असं तू लिहिलंस. मला माहीत होतं ते खरं नाही. पण तुला खोटं पाडायचं तर आधी मलाच तोंड दाखवावं लागलं असतं." त्यानं रजिस्टर तिच्याकडे सरकवलं. "मिर्ता, तिसरी ओळ वाच. ती त्या वर्षी नवी आली."

तिनं वाचली. ‘सायकली ठेवायला छपरी नाही.’

"ती ओळ कुणी घातली, बंबाची कुणी काढली, ते छापलेल्या पानावरून कळत नाही," ओरासिओ म्हणाला. "मी कधी विचारलं नाही."

मिर्ता उठली. ८७ च्या फेब्रुवारीत तिची सायकल विज्ञान इमारतीच्या दारातून चोरीला गेली होती. दुसरी घ्यायला तिच्या बापानं आपलं घड्याळ विकलं होतं.

५

घरी जाऊन ती टेबलाशी बसली. फडताळात मुरंब्याची बरणी होती, अर्धी संपलेली. तिनं फडताळ बंद केलं आणि जे दुसऱ्याच्या बाबतीत सहज केलं असतं ते मन घट्ट करून करायला घेतलं.

छापलेला अंक ओरासिओकडे आहे, म्हणजे खंड चोरून छापलेलं काही लपत नाही. मग लपवायचं होतं ते फक्त या एकाच खंडात असलेलं, शेवटी शिवलेले निळ्या पेन्सिलीचे कागद. छपाईआधी तपासलेली मुद्रितं ती. ओळ कुणी काढली ते तिथे हाताच्या अक्षरात असणार. ती मुद्रितं शिवलेली आहेत हे अयेलेनखेरीज ज्यानं खंड बांधला त्यालाच ठाऊक. एल्बानं ते खंड कधी मागून उघडलेही नसतील. चोराला खालची किल्ली हाताशी होती, तीन ते पाच तो कुठल्याही टीव्हीसमोर नव्हता, खंडाची जाडी त्याला न मोजता माहीत होती, आणि खंड काढला की जागी ठोकळा ठेवायचा ही सवय पुस्तक बांधणाऱ्याची. चोरी करतानाही त्याच्यानं ती सुटली नाही.

एवढं सोपं होतं. अवघड प्रश्न होता, तानोनं कुणासाठी केलं. तो तिनं स्वतःला विचारला नाही. गुरुवारी दुपारी सगळं गाव झोपलं असताना ती त्याच्या घरी गेली आणि त्यालाच विचारलं.

"तानो, खंड तुझ्याकडे आहे."

त्यानं नाकारलं नाही. किटलीखालचा गॅस बंद केला आणि समोर बसला.

"बंबाची ओळ कुणी काढली?"

"मी," तानो म्हणाला. "मीच काढली. चौकटीत मावत नव्हती. मी अडाणी माणूस, मला काय कळतंय. जा, सांग समितीला. म्हाताऱ्यानं काढली आणि म्हाताऱ्यानंच लपवली."

आणि मिर्ताला ते हवंहवंसं वाटलं. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला कोण काय करणार? अयेलेन सुटेल. लेख भिंतीवर राहील. जुलैत बरणी येईल. सगळे धागे जुळत होते, कुणी प्रश्न विचारला नसता. ‘बरं, तानो,’ हे शब्द तिच्या जिभेवर आले होते. ते तिथे किती वेळ होते हे तिला पुढे कधी विसरता आलं नाही.

"मग सायकलींची ओळ कुणी दिली?" तिनं विचारलं.

"दिली असेल कुणीतरी."

"तुला सायकल येत नाही, तानो. त्या पायानं तू कधी चालवली नाहीस."

तानो उठला, पलंगाखालून घोंगडीत गुंडाळलेला खंड काढला आणि तिच्यासमोर ठेवला. उघडला मात्र नाही. ते तिनं केलं.

मार्चचं मुद्रित. तिसऱ्या ओळीवर निळी जाड रेघ. बाजूला अक्षर, ऐटदार, मोठं: ‘ही शिळी झाली, दरवर्षी तेच तेच. हिच्याऐवजी सायकलींचं घ्या. मिर्ता, ९ मार्च.’ नावाखाली फराटा होता. त्या वर्षी ती नावाखाली फराटा मारायची.

तिला ते लिहिलेलं आठवलं नाही. आठवलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. इतकं किरकोळ होतं ते की लक्षातही राहिलं नव्हतं.

"जुलैत तू लेख घेऊन आलीस," तानो म्हणाला. "खिळे मीच जुळवले. ‘दरवर्षी’ या शब्दापाशी माझा हात थांबला. वळून बघितलं तर तू दारात हुंदके देत उभी."

"बोलला का नाहीस?"

"उद्या सांगू, परवा सांगू. मग बंब निघाले. म्हटलं, चांगलं झालं ना शेवटी. मग तू मास्तरीण झालीस. आणि लाज मलाही होतीच की गं. ती ओळ सुतळीतून काढून एकेक खिळा परत खणात टाकला तो या हातांनी. वाचत होतो मी. तेव्हा मीही म्हणालो नाही, अगं, ही राहू दे."

"मग हे कागद जाळले का नाहीस? एकतीस वर्षं होती तुला."

"शिवलेलं पान फाडता येत नाही मला," तो म्हणाला. "प्रयत्न केला काल. नाही जमलं."

"आणि त्या पोरीवर आळ येईल हे नाही सुचलं तुला?" मिर्ताचा आवाज चढला. "तिचं वर्ष, तिची खोली, सगळं…"

ती मध्येच थांबली. हा आवाज, हा राग, हे तिचं जुनं होतं, त्या लेखातलंच. तिनं तो खाली ठेवला आणि खंड उचलला.

"माझ्यासोबत चल," ती म्हणाली. "एल्बालाही घेऊ. तू काय केलंस ते तू सांग, तिनं काय केलं ते ती सांगेल. बाकीचं माझ्यावर सोपव."

६

समितीच्या अध्यक्षांनी तिघांचं ऐकलं आणि शुक्रवारची बैठक गुरुवारीच रद्द केली. एल्बा बोलताना रडली. तानोला तंबी मिळाली आणि ती त्यानं टोपी हातात धरून घेतली. मिर्तानं मुद्रित टेबलावर ठेवलं, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "हे आमच्या कक्षेत येत नाही, प्रोफेसर. एवढ्या जुन्या गोष्टी उकरून कुणाचं भलं होणार आहे?" ते समजूतदारपणे बोलत होते आणि तेच तिला सहन झालं नाही.

संध्याकाळी सहाला ती ‘पिसार्रोन’च्या खोलीत गेली. अयेलेन शनिवारचा अंक लावत होती. मिर्ताला बघताच ती धावत आली.

"प्रोफे! अध्यक्षांचा फोन आला होता. तुम्ही नसता तर मी…"

"थांब," मिर्ता म्हणाली. "आभार मानू नकोस. आधी हे वाच."

अयेलेननं वाचलं. एकदा, दोनदा. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरला. मिर्ता उभीच राहिली. खुर्ची रिकामी होती, पण बसावंसं वाटलं नाही.

"हे पान पहिल्या पानावर छाप," ती म्हणाली. "आणि भिंतीवरच्या लेखाशेजारी लाव. लेख काढू नकोस, दोन्ही राहू देत. ओरासिओ रजिस्टर द्यायला तयार झालाय. निवडणूक जाईल त्याची बहुधा, हे त्याला कळतंय."

"काय लिहू? संपादक मंडळाची चूक?"

"नाही. माझं नाव लिही. पूर्ण."

"निदियाची आई वाचेल ना हे."

"उद्या पहाटेच्या बसनं मी तिच्याकडे जातेय. अंक पोचायच्या आधी तिनं माझ्या तोंडून ऐकायला हवं. चौकशीत म्हणाले होते, मुलीनंच थंडी वाजते म्हणून झरोक्यात टॉवेल कोंबला असेल. ती बाई एकतीस वर्षं त्या टॉवेलबद्दल मला पत्रात विचारते. माझ्या पोरीनं असं केलं असेल का हो? आणि मी दर वेळी लिहायची, नाही हो, सगळा दोष खात्याचा."

‘तेव्हा तुम्ही लहान होता’ असं अयेलेन म्हणेल, या आशेनं मिर्ता थांबली होती. ती स्वतः अयेलेनच्याच वयाची होती तेव्हा. अयेलेन तसं म्हणाली नाही. तिनं वही ओढली, पेन उघडलं आणि बातमीसाठी माणसाला विचारावं तसं विचारायला सुरुवात केली. तारीख. कुणी सांगितलं होतं का. कुणाला विचारलं होतं का. मिर्तानं उत्तरं दिली. नऊ मार्च. कुणी नाही. कुणाला नाही.

"वसतिगृहात जाऊन बंब बघितले होते का?"

"नाही. मी कधीच गेले नव्हते. मी गावातच राहायची."

अयेलेननं लिहून घेतलं. मग तिनं मुद्रितावरच्या त्या निळ्या अक्षरांवर पेनाचं टोक टेकवलं.

"आणि ही सायकलींची छपरी? ती झाली का?"

"हो," मिर्ता म्हणाली. "एप्रिलमध्येच."

अयेलेननं तेही लिहून घेतलं.